घरांतलें विमान कितपत खरें?

'अभिज्ञानशाकुंतला'च्या सहाव्या अंकांत दुष्यंतानें स्वतः रेखाटलेलें शकुंतलेचें चित्र त्याच्यापुढें ठेविलेलें आहे. तें आणखी हुबेहूब व्हावें म्हणून त्यांत काय काय घालावयाचें राहिलें याची यादी तो विदूषकास सांगत बसतो: मालिनी नदी, तिच्या वाळवंटांतलें हंसांचें जोडपें, हिमालयाच्या पायथ्याशीं विसावलेलीं हरणें, शकुंतलेच्या कानावरचें शिरीषाचें फूल. पुढें तर चित्रांतल्या भुंग्यासच तो दटावूं लागतो आणि 'अहो, हें चित्र आहे' असें विदूषकास सांगावें लागतें. हल्लीं घरोघरीं संगणकावर विमानें उडविणाऱ्या तरुणांचें बोलणें कानीं पडलें म्हणजे ह्या प्रसंगाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. अमुक विमानाच्या पंखावरची खिळ्यांची ओळ बरोबर उमटली आहे, तमुक विमानाच्या खिडकीवर ओरखडे दाखविलेले नाहींत, अशाच याद्या तेही करीत असतात. परंतु विमानाच्या बाबतींत हुबेहूबपणा म्हणावयाचा तो कशाला, हा प्रश्न दुष्यंताच्या प्रश्नाहून थोडा निराळा आहे आणि ज्या घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी वैमानिक होण्याचीं स्वप्नें पाहत असेल, त्या घराला तर तो जिव्हाळ्याचाच आहे.

ज्यांस हा विषय अपरिचित असेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे विमान चालविण्याचा अनुभव जमिनीवर बसून देणारें साधन. १९२९ सालच्या सुमारास अमेरिकेंत एडविन लिंक ह्यानें असें एक उपयुक्त यंत्र बांधलें. त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन करण्याचा कारखाना होता. त्या वाद्यांत असतात तसल्या भात्यांवरच लिंकनें आपली लहानशी विमानपेटी हालती-डुलती केली. दुसऱ्या महायुद्धांत लाखों वैमानिकांनीं त्या पेटींत बसून धडे घेतले. घरगुती संगणकावर ही विद्या आली ती सुमारें अर्ध्या शतकानंतर. 'मायक्रोसॉफ्ट'चा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ सालीं प्रथम निघाला, आणि २०२० सालच्या त्याच्या आवृत्तींत तर छायाचित्रांच्या आधारें सबंध पृथ्वीचा पृष्ठभागच उभा केलेला आहे. मेहरूणसारख्या गांवावरूनही त्यांत उडतां येतें.

मूळ सिम्युलेटरबरोबर कांहीं विमानें मिळतातच. पण इतरांनीं तयार केलेलीं आणि मागाहून जोडावयाचीं जीं विमानें, त्यांस 'ॲड-ऑन' म्हणतात. त्यांपैकीं कांहीं विनामूल्य असतात. 'फ्लायबायवायर' ह्या नांवानें काम करणाऱ्या स्वयंसेवकांनीं केलेलें एअरबस ए-३२० हें त्यांतलें प्रसिद्ध उदाहरण. पी.एम.डी.जी. कंपनीचें बोइंग ७३७ किंवा 'फिनिक्स'चें ए-३२० ह्यांसारख्या विमानांस मात्र कांहीं हजार रुपये मोजावे लागतात. मुलानें हट्ट धरला म्हणजे वडील मंडळी विचारतात, "एवढे पैसे टाकून त्यांत अधिक तें काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर शोधण्यास आपल्या जळगांवचा विमानतळ पुरेसा आहे.

हा विमानतळ नव्या स्वरूपांत २०१२ सालच्या मार्चमध्यें तत्कालीन राष्ट्रपति श्रीमती प्रतिभाताई पाटील ह्यांच्या हस्तें खुला झाला. 'उडान' योजनेखालीं येथून मुंबईस नियमित विमान निघालें तें २०१७ सालच्या डिसेंबरांत. पुढें 'ट्रूजेट'चीं आणि २०२४ सालापासून 'फ्लाय९१'चीं ए.टी.आर. ७२ जातीचीं पंखेवालीं विमानें येथें उतरलीं. ह्याच विमानाची ७२-६०० ही आवृत्ति हान्स हार्टमान ह्यांनीं 'मायक्रोसॉफ्ट'च्या सिम्युलेटरसाठीं तयार केली व ती २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. तेव्हां जें विमान जळगांवकरांनीं डोळ्यांनीं पाहिलें, त्याच्याच प्रतिकृतीची परीक्षा कशी करावी हें पाहूं.

पहिली कसोटी विमान उभें असतांनाची. मोठ्या जेट विमानांत शेपटीकडे एक लहानसें जादा इंजिन असतें. विमान उभें असतांना वीज व थंड हवा मिळते ती त्याच्यावर. ए.टी.आर.मध्यें तें नाहीं. त्याऐवजीं उजव्या इंजिनाच्या पंख्यास एक ब्रेक बसविलेला आहे. तो लावला म्हणजे इंजिन आंत चालू राहतें, वीज व हवा पुरवितें, आणि बाहेरचा पंखा मात्र स्तब्ध असतो. उतारूंचा दरवाजा डाव्या बाजूस मागें असल्यामुळें ही सोय निर्धोकपणें वापरतां येते. वैमानिक ह्या स्थितीस 'होटेल मोड' म्हणतात. आतां एखाद्या प्रतिकृतीचा रंग, आसनें, कंपनीचें बोधचिन्ह सारें अगदीं बरोबर असलें, पण हा ब्रेक नसला किंवा त्याचें बटण नुसतें रंगविलेलें असलें, तर ती प्रतिकृति ए.टी.आर.ची नसून ए.टी.आर.च्या पोशाखांतल्या दुसऱ्याच कुणाची आहे असें समजावें.

दुसरी कसोटी खानदेशच्या उन्हाळ्याची. वैशाखांत आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. हवा तापली कीं विरळ होते. पौषांतल्या पहाटेच्या हवेशीं तुलना केली तर अशा दुपारची हवा शेंकडा सुमारें दहा भागांनीं हलकी भरते. वैमानिकांच्या प्रमाणित हिशेबानें, जळगांवच्या जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाला त्या दुपारीं जी हवा मिळते ती सुमारें १,३०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. म्हणजे विमानापुरतें जळगांव जवळजवळ महाबळेश्वराच्या उंचीवर गेलेलें असतें, फक्त तेथला गारवा तेवढा नसतो! अशा हवेंत पंखांना आधार कमी, इंजिनाची शक्ति कमी आणि पंख्याची ओढही कमी. म्हणून धांव लांबते आणि चढ मंदावतो. हा प्रयोग घरीं कोणासही करतां येईल. सिम्युलेटरमध्यें वजन व धांवपट्टी तीच ठेवून एकदां तपमान १२ अंश व एकदां ४५ अंश करावें, आणि चाकें जमीन कोठें सोडतात तें पाहावें. दोन्ही वेळां विमान एकाच ठिकाणीं उठलें तर तें दिसावयास कितीही देखणें असो, त्याला खानदेशची हवा ठाऊक नाहीं.

हें साधण्याच्या पद्धति दोन आहेत. एकींत निरनिराळ्या वेगाला व कोनाला विमान कसें वागतें याचीं कोष्टकें भरून ठेवितात व संगणक त्यांतून उत्तर काढतो. दुसरींत पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावर हवेचा जोर किती याचें गणित दर सेकंदास अनेक वेळां करितात. 'एक्स-प्लेन' हा सिम्युलेटर ह्या दुसऱ्या पद्धतीसाठीं प्रसिद्ध आहे. कोष्टकें परिश्रमपूर्वक भरलेलीं असलीं तर पहिलीही चांगली चालते. उणें राहतें तें पद्धतींत नव्हे, आळसांत.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची: चूक केली असतां विमान काय करतें? नेपाळांत पोखरा येथें १५ जानेवारी २०२३ रोजीं ए.टी.आर. ७२ जातीचें विमान उतरण्याच्या बेतांत असतांना कोसळलें व त्यांतील ७२ ही माणसें दगावलीं. चौकशी मंडळाचा निष्कर्ष असा कीं, पंखाच्या झडपा खालीं घेण्याचा दांडा ओढावयाचा, त्याऐवजीं पंख्यांचीं पातीं नियंत्रित करणारे दोन्ही दांडे अनवधानानें मागें ओढले गेले. पातीं वाऱ्याला कड देऊन उभीं राहिलीं, ओढ नाहींशी झाली आणि विमानाचा वेग तुटला. हे दांडे कॉकपिटमध्यें एकमेकांच्या शेजारींच असतात. आतां घरांतल्या संगणकावर हींच कामें कळफलकाच्या एकेका कळीनें होतात. तेथें हात कोठें गेला, दांड्याची मूठ हाताला कशी लागली, ह्या गोष्टींना अर्थच नाहीं. उत्तम ॲड-ऑनमध्यें तो चुकीचा दांडा ओढला तर त्याचें फळ दिसेल. पण तो चुकून ओढला कसा जातो हें मात्र तेथें शिकतां येणार नाहीं.

तरीही चुकीचें फळ दाखविणारीं विमानें हींच माझ्या मतें खरीं मोलाचीं. 'ए२ए' नांवाच्या मंडळीनें २०२३ सालीं काढलेलें 'कोमँची २५०' हें लहान विमान झीज लक्षांत ठेवतें. आज इंजिन अति तापविलें तर त्याचा परिणाम उद्यांच्या उड्डाणांतही दिसतो. शिष्याच्या आळसाची आठवण ठेवणारा गुरु आणि ती विसरणारा गुरु, ह्यांत जो भेद तोच येथें आहे.

आतां घरांतलें कोणतेंही विमान जें देऊं शकत नाहीं तेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. ढगांत शिरलें कीं कानाच्या आंतलें तोल सांभाळणारें इंद्रिय माणसास फसवितें. विमान वळत असतां तें सरळ चाललें आहे असें वाटतें. अशा वेळीं देहाचें न ऐकतां उपकरणांचें ऐकणें ही वैमानिकाची मोठी साधना. खुर्चींत बसलेल्याचा कान फसतच नाहीं, म्हणून त्याला ही साधना सोपी वाटते. विमान कंपन्यांच्या सर्वोच्च श्रेणीच्या सिम्युलेटरांत संबंध कॉकपिट सहा प्रकारें हालतें, तें ह्याच कारणास्तव. दुसरी गोष्ट भीतीची. १६ जुलै २०२१ रोजीं आपल्याच जिल्ह्यांत चोपडें तालुक्यांतील वर्डी गांवाजवळ शिकाऊ विमान कोसळून शिक्षक वैमानिक मृत्यु पावले व शिकाऊ तरुणी गंभीर जखमी झाली. संगणकावर अशा क्षणीं एक कळ दाबली कीं विमान पुन्हां धांवपट्टीवर उभें राहतें. ती कळ सातपुड्याच्या पायथ्याशीं नाहीं, ही जाणीव मुलांना वडील मंडळींनींच द्यावयाची आहे.

२०२१ सालीं विमानतळ प्राधिकरणानें वैमानिक-शिक्षणाच्या शाळांसाठीं जे पांच विमानतळ निवडले त्यांत जळगांव होतें. तेव्हां हा प्रश्न आपल्या घरांत पुष्कळदां निघणार. व्यावसायिक परवान्यास किमान २०० तासांचें प्रत्यक्ष उड्डाण लागतें. घरच्या खुर्चींतले तास त्यांत धरीत नाहींत. शिक्षणाचा खर्च लाखोंनीं मोजावा लागतो. असें असतां आधीं कांहीं हजारांत मुलाची वृत्ति पारखतां आली तर तो सौदा वाईट नव्हे. मात्र पारख करावी ती अशी. पहिल्याच दिवशीं मोठें जेट विमान न घेतां शाळेंत शिकवितात तसलें एका इंजिनाचें लहान विमान घ्यावें. मुलाजवळ बसून 'हा दांडा कशाचा? हा आतांच कां ओढलास?' असें आजोबांनीं, काकांनीं, आईनें विचारावें. उड्डाणापूर्वींची तपासणी तो रोज न कंटाळतां, एकही कलम न गाळतां करतो कीं काय हें पाहावें. महिना-दोन महिने हा नेम टिकला तर त्याच्या इच्छेंत कांहीं सत्य आहे असें समजून पुढच्या खर्चाचा विचार करावा. आणि तपासणी टाळून तो केवळ सूर्यास्ताच्या रंगांत रमत असेल, तर त्यालाही दोष देऊं नये. त्याला चित्राची आवड आहे, विमानाची नाहीं, एवढेंच त्यावरून ठरतें, आणि हें लाखों रुपये भरण्यापूर्वीं कळलेलें बरें.