रंग, राग आणि आमचा नातू

गेल्या वर्षीं जून महिन्यांत आमचा साडेचार वर्षांचा नातू बालवर्गांतून एक छापील तक्ता घेऊन घरीं आला. तक्त्यावर सहा वाटोळे चेहरे होते. पिवळा हंसरा, निळा रडवेला, लाल रागावलेला, काळा भ्यालेला, हिरवा स्वस्थ आणि गुलाबी प्रेमळ. खालीं सूचना होती कीं, पालकांनीं तक्ता भिंतीस लावून मुलाकडून रोज एकदां म्हणवून घ्यावा. ज्याचें सारें आयुष्य पाढे व शब्दरूपें म्हणवून घेण्यांत गेलें, त्या माझ्यासारख्यास ही सूचना न पटती तरच नवल! आठ दिवसांत नातू सारा तक्ता श्लोकासारखा घडाघडा म्हणूं लागला आणि घरांतील मंडळींस त्याचें मोठें कौतुक वाटलें.

हुबेहूब अशीच वांटणी आना येनास या बार्सिलोनाच्या लेखिकेच्या २०१२ सालच्या एका चित्रमय गोष्टीच्या पुस्तकांत आहे. त्यांतील राक्षसाच्या पोटांत सर्व भावनांचा गुंता झालेला असतो व एक लहान मुलगी तो उलगडून एकेक रंग वेगळ्या बरणींत भरावयास त्याला शिकविते. पुस्तक गोड आहे. २०१५ च्या ‘इनसाइड आउट’ या अमेरिकन चित्रपटांतही आनंद पिवळा, दुःख निळें व राग लालच आहे. दोष या कलाकृतींचा नव्हे. गोष्टीचा पाढा करणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांचा.

तक्ता पाठ झाल्यावर घरांत एक खेळ सुरू झाला. तो सौ.ची कल्पना. तिच्या गोधडीच्या गाठोड्यांत जुन्या लुगड्यांच्या, परकरांच्या, झबल्यांच्या चिंध्या होत्या. त्यांतून नऊ-दहा रंगांच्या निवडून तिनें एका परडींत ठेवल्या. सायंकाळीं देवाजवळ दिवा लागून शुभंकरोति झाली, कीं प्रत्येकानें आपल्या त्या दिवसाच्या मनासारखी एक चिंधी काढून पाटावर मांडावी, इतकाच खेळ. मुलें सर्वांच्या आधीं पाटाशीं धांवत.

पुढें मार्गशीर्षांत माझ्या धाकट्या मुलीचें लग्न होऊन ती नागपुरास सासरीं गेली. नातू या आत्याच्या अंगाखांद्यावर वाढलेला. तो रडून घर डोक्यावर घेईल अशी आम्हां सर्वांस धास्ती होती. परंतु लग्नानंतर ओळीनें सहा दिवस त्यानें पाटावर पिवळी चिंधी ठेवली! तक्त्याप्रमाणें पिवळा म्हणजे आनंद. पोर शहाणें, लौकर विसरलें, असें मीं मुलीस दूरध्वनीवरून कळविलेंही. सहाव्या रात्रीं तो पानावरून उपाशीच उठला. सौ.नें त्याला मांडीवर घेऊन विचारलें, “कां रे बाळा, ही तुझी पिवळी चिंधी काय म्हणते?”

तो म्हणाला, “ती हळदीची आहे. हळद लावली आणि आत्या गेली.”

सहा दिवस तें मूल आपलें दुःख आम्हांपुढें पाटावर मांडीत होतें, आणि आम्ही भिंतीवरील तक्ता पाहून त्यास आनंद म्हणत होतों.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. ज्या भाषेवर मी पोसलों तिनें हें मला पूर्वींच सांगितलें होतें. संस्कृतांतील ‘रञ्ज्’ या एकाच धातूपासून रंग आणि राग हे दोन्ही शब्द झाले. संस्कृतांत राग म्हणजे रंग, आणि आसक्ति किंवा प्रेमही; अनुरागांत तोच, विरागांतही तोच. मराठींत येतां येतां त्याचा अर्थ क्रोध झाला. राजशेखरानें काव्यमीमांसेंत कवींचे संकेत दिले आहेत, त्यांत यश व हास्य शुभ्र, पाप व अपकीर्ति काळीं. परंतु क्रोध आणि अनुराग दोन्ही तांबडेच. भरताच्या नाट्यशास्त्रांत सहाव्या अध्यायांत रसांचे रंग सांगितले आहेत. तेथें हास्य पांढरें, करुण पारव्याच्या रंगाचा, रौद्र तांबडा, भयानक काळा. पिवळा रंग अद्भुताचा, आणि निळा बीभत्साचा! मेघश्यामाची आरती करणाऱ्या आमच्या घरांत निळ्याचा बीभत्साशीं संबंध कोणा बालकास सुचेल काय? म्हणजे भरताचा तक्ता निराळा, बार्सिलोनाचा निराळा, आणि आमच्या माजघरांतला त्याहूनही निराळा.

यांत सर्वच मनःकल्पित आहे असें मात्र नव्हे. रागानें तोंड लालबुंद होतें, भीतीनें पांढरेंफटक पडतें. येथें रक्तच रंग भरतें किंवा काढून घेतें. अमेरिकेंत १९९४ सालीं पांच ते साडेसहा वर्षांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत उजळ रंग पाहून मुलांस बहुधा आनंदाच्या गोष्टी सुचल्या व गडद रंग पाहून दुःखाच्या. परंतु २०१९ सालीं ५५ देशांतील प्रौढांवरून जें दिसलें तें मला अधिक बोलकें वाटतें. पिवळ्या रंगाशीं आनंद जोडण्याची प्रवृत्ति विषुववृत्तापासून दूरच्या, पावसाळी देशांत अधिक आढळली व उन्हाच्या देशांत कमी. ज्यांस सूर्य दुर्मिळ, त्यांस पिवळें सुख! वैशाखांत पाय भाजणाऱ्या आमच्या मुलांनीं तें उसनें कां घ्यावें?

माझी पणजी लाल आलवण नेसे. तक्त्यानें कांहींही म्हणो, तो रंग दिसला कीं मला राग नव्हे, तर तिच्या ओंजळींतले भाजलेले शेंगदाणे आठवतात.

त्यानंतर आम्हीं तक्ता काढून ठेवला. खेळ मात्र चालू ठेवला. ज्या घरांस तो करून पाहावयाचा असेल, त्यांच्यासाठीं दोन-चार अनुभवाच्या गोष्टी सांगतों. रंगांचीं नांवें बहुतेक मुलांस तीन-चार वर्षांच्या सुमारास नीट येऊं लागतात. त्यापूर्वीं चिंध्या नुसत्या हाताळूं द्याव्या, जोड्या लावूं द्याव्या. मोठ्यांनीं आपली चिंधी आधीं मांडावी, आणि खरी मांडावी. मी रोज पांढरीच ठेवीत असें, तेव्हां नातवानें सर्वांदेखत विचारलें, “आजोबा, तुम्हांला रोज कांहींच होत नाहीं कां?” त्या दिवसापासून मी सावध झालों. मुलास ‘कां?’ असें एकदम विचारूं नये. तें जबाब घेतल्यासारखें होतें. ‘ही चिंधी काय म्हणते?’ ‘आज कोठें गेली होती?’ असें विचारलें कीं मूल चिंधीच्या आडून बोलतें. दोन चिंध्या काढल्या तर काढूं द्याव्या. मोठ्यांस तरी एका वेळीं एकच कोठें वाटतें? एखादा मुलगा तांबड्या-हिरव्याची वारंवार गफलत करील, तर त्यास रागें भरूं नये. रंगांधता मुलींपेक्षां मुलांत पुष्कळच अधिक आढळते; डोळे तपासून घ्यावे.

काळ्याविषयीं थोडें अधिक लिहिणें भाग आहे. आमच्या भावाची नात वर्णानें सांवळी. तक्ता भिंतीवर होता तेव्हां खेळतां खेळतां दुसऱ्या एका मुलानें तिला म्हटलें, “काळा रंग वाईट, तूं त्याची.” मुलगी कांहीं बोलली नाहीं, पण दुसऱ्या दिवशीं परडींतील काळी चिंधी नाहींशी झाली व ती बंबाजवळच्या राखेंत सांपडली. कोणाही मोठ्या माणसानें तिला कांहीं म्हटलें नव्हतें. परंतु ‘काळा म्हणजे भय’ असें महिनाभर आम्हींच घोकून घेतलें होतें, हें मी कसें नाकारूं? सौ.नें न बोलतां फडताळांतून आपली संक्रांतीची काळी चंद्रकळा काढली आणि या मुलीच्या बोरन्हाणाचें काळें झबलें व त्यावर हलव्याचे पांढरे दागिने घातलेलें तिचें छायाचित्र तिच्यापुढें ठेवलें. मुलगी पुष्कळ वेळ तें पाहत बसली. चंद्रकळेच्या पदराची एक चिंधी तिनें मागून घेतली. ती परडींत ठेवली नाहीं. उशीखालीं ठेवली आहे.

अक्षय्य तृतीयेस मुलगी माहेरीं आली. सायंकाळीं दिवा लागला आणि नातवानें परडींत हात घालून पुन्हा पिवळीच चिंधी काढली. आम्ही सर्व एकमेकांकडे पाहूं लागलों. त्याच्या आत्यानेंच त्याला जवळ ओढून विचारलें, “ही काय म्हणते रे?”

“ही आज आमरसाची आहे,” तो म्हणाला, “आणि तूं अजून दोन वाट्या घेतल्या नाहींस.”