सदाशिव पेठेतला ‘मोनार्क’

गच्चीतल्या कुंडीवर नारिंगी फुलपाखरू बसलं, की पेठेतलं सुट्टीला कंटाळलेलं कुठलंही पोर हल्ली ‘मोनार्क!’ म्हणून ओरडतं. पोराचा दोष नाही. अंड्यापासून फुलपाखरू वाढवण्याचे मोबाइलवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले, आणि तिकडे हा उद्योग मोनार्कचाच. पण मोनार्क आपल्याकडे राहत नाही. सदाशिव पेठेत दिसतो तो त्याचा चुलतभाऊ, प्लेन टायगर. मोनार्कच्या पंखांवर काळ्या शिरांची ठळक जाळी असते. याचे पंख तसे कोरे, मागच्या पंखावर तेवढे काळे ठिपके: मादीला तीन, नराला चार. घराणं म्हणाल तर जुनं आहे. इजिप्तमधल्या नेबामुनच्या थडग्यात सुमारे 3400 वर्षांपूर्वी रंगवलेल्या शिकारीच्या चित्रात हाच प्लेन टायगर उडताना दिसतो.

याची अंडी शोधायला सिंहगडाच्या पायथ्याला जायला हवं, हाही एक समज. जायला हवं ते रुईपाशी, आणि रुई पेठेत उगवायला कुणाची परवानगी मागत नाही. म्हातारीच्या केसांसारखं तिचं बी उडत येतं आणि पडक्या वाड्याच्या भेगेत रुजतं. शनिवारी भिकारदास मारुतीला वाहायला घेतलेल्या रुईच्या माळेतही एखाद्या पानामागे अंडं निघू शकतं. कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला पाहावं: खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, पांढुरकं, टोकाला निमुळतं आणि उभ्या रेघांचं. मादी सहसा एका ठिकाणी एकच अंडं घालते, त्यामुळे घोळक्याने चिकटलेलं काही दिसलं तर ते दुसऱ्या कुणाचं तरी समजावं.

अळी दिसली, की घरातलं वडीलधारं माणूस हमखास म्हणतं, “हात लावू नकोस, खाज सुटेल.” खाज आणणारे केसाळ सुरवंट बहुतेक पतंगांचे असतात. प्लेन टायगरची अळी गुळगुळीत असते, अंगावर काळे-पांढरे पट्टे आणि पिवळे ठिपके, पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. मोनार्कच्या अळीला दोनच. पंखांची पूड डोळ्यात गेली की माणूस आंधळा होतो, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती पूड म्हणजे पंखांवरचे बारीक खवले. डोळा चुरचुरेल, दृष्टी जाणार नाही. खरं जपायचं ते रुईच्या चिकापासून. तो डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, दिसायला धूसर होतं, आणि थेट डॉक्टर गाठावा लागतो. पान तोडल्यावर हात धुवायचे, ही अट मुलांना पहिल्याच दिवशी घालावी.

अळीलाही हा चीक नकोच असतो. पान कुरतडण्याआधी ती त्याची शीर किंवा देठ चावून ठेवते, पुढे चीक पोहोचत नाही, मग निवांत खात बसते. चिकातलं थोडंफार विष तरी पोटात जातंच. ते ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी प्लेन टायगरचं हुबेहूब सोंग घेऊन फुकटात संरक्षण मिळवते!

‘पान कुठलंही चालतं’ या समजापायी मात्र अळ्या उपाशी मरतात. रुईवरची अळी कोबी खात नाही आणि कढीपत्त्यावरची रुई खात नाही. कढीपत्त्यावरची ती लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मनची. तिने झाड पार ओरबाडलं तरी मोठं झाड पुन्हा फुटतं. ओरड करायची ती कुंडीतल्या लहान रोपापुरती करावी.

झाकणाला भोकं पाडलेली बरणीही नको. आत दमटपणा साचतो, लेंड्यांना बुरशी येते. तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधलेलं पसरट खोकं, देठाला ओला कापूस गुंडाळलेलं पान आणि रोजची सफाई, एवढं पुरतं. अळी दिवसभर हलली नाही म्हणून मेली समजून फेकू नये. ती कात टाकायच्या बेतात असते.

फुलपाखराची अळी कोष विणते, असंही सर्रास सांगितलं जातं. विणतात ते रेशमाच्या किड्यासारखे पतंग. ही अळी थोड्याशा रेशमाला शेपटाकडून उलटी लटकते, डोक्यामागे कातडी उकलते आणि ती वर सरकत जाते. आतून जो ओलसर हिरवा किंवा गुलाबीसर ऐवज बाहेर येतो, तोच कोष, वर सोनेरी टिकल्या. आत फुलपाखरू तयार व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, थंडीत जास्त. फुलपाखरू बाहेर यायला धडपडत असताना कोष फाडून ‘मदत’ करू नये. चुरगळलेले पंख अंगातल्या द्रवाच्या दाबाने फुगतात, मग ते वाळायला काही तास लागतात. खाली पडलेले लालसर थेंब रक्ताचे नसतात, कोषात साठलेला मळ असतो तो. आणि एका दिवसाचं आयुष्य? छे, प्लेन टायगर काही आठवडे जगतो.

राहिला शेवटचा समज, घरी वाढवलं म्हणजे जात वाचवली. अमेरिकेत मोनार्कबाबत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्यापारासाठी पैदास केलेल्या, तसंच घरात वाढवलेल्या फुलपाखरांना स्थलांतराची दक्षिण दिशाच धरता आली नाही. प्लेन टायगरला वाचवायची तर वेळही आलेली नाही, तो धोक्यातल्या यादीत नाही. तेव्हा एखादी अळी बघण्यापुरती आणावी, बाकीच्या रुईवर राहू द्याव्यात. आणलेल्या अळीतून फुलपाखराऐवजी माशी निघाली तर सफाईत काही कमी पडलं असं समजू नये. त्या माशीच्या आईने आपलं अंडं अळी घरी येण्याआधीच घातलेलं असतं.