एस्तेरच्या ग्रंथातील ‘कर्पस’

हिब्रू धर्मग्रंथात असे कित्येक शब्द आहेत, की जे साऱ्या ग्रंथात एकदाच येतात. त्यांचा अर्थ लावणे कठीण. कारण ताडून पाहावयास दुसरे वाक्यच मिळत नाही. ‘कर्पस’ हा त्यांपैकी एक. तो आर्णीत, कापसाच्या मुलुखात, का काढला, हे पुढे ध्यानात येईलच.

एस्तेरच्या ग्रंथात, पहिल्या अध्यायाच्या सहाव्या वचनात तो आढळतो. इराणचा बादशहा अहश्वेरोश (बहुतेक विद्वानांच्या मते इ. स. पू. ४८६ ते ४६५ पर्यंत राज्य करणारा झर्क्सीस) शूशन नगरीत मोठी मेजवानी देतो. तेथील पडद्यांचे वर्णन ‘हूर, कर्पस, तेखेलेत’ या शब्दांनी केले आहे. हूर म्हणजे पांढरे, तेखेलेत म्हणजे निळे. तेव्हा मधला शब्दही रंगाचाच असणार, असा तर्क झाला आणि १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात बादशहाच्या वाड्यात हिरवे पडदे लागले!

हिब्रू लिपी मुळात व्यंजनांची. क, र, प, स एवढीच अक्षरे घ्या आणि संस्कृत ‘कर्पास’ उच्चारून पाहा. प्राकृतात त्याचे ‘कप्पास’ झाले, आपल्या तोंडी ‘कापूस’. म्हणजे ते पडदे पांढऱ्या सुती कापडाचे होते. ग्रीक भाषांतरकारांनी हा शब्द जवळजवळ तसाच ठेवला होता. इंग्रजीत मात्र १९५२ च्या आवृत्तीत ‘पांढरे सुती पडदे’ आले. शब्द इराणमार्गे गेला असावा. त्याच ग्रंथाच्या आरंभी बादशहाचे राज्य ‘होद्दू’पासून, म्हणजे हिंदपासून, कूशपर्यंत होते असे म्हटले आहे, आणि झर्क्सीसच्या सैन्यातील हिंदी शिपाई झाडाच्या लोकरीचे कपडे घालीत, असे हिरोडोटस लिहितो. माल जातो तेथे त्याचे नावही जाते.

कोकणातील बेने इस्राएल लोक तेलाचा धंदा करीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेले. त्यांची मातृभाषा मराठी. पुरीमच्या सणाला, ज्याला ते होळीचा सण म्हणत, प्रार्थनामंदिरात एस्तेरचा ग्रंथ हिब्रूतून वाचला जातो. म्हणजे घरी ‘कापूस’ म्हणणाऱ्यांच्या कानी ‘कर्पस’ दरसाल पडत आला.

वल्हांडणाच्या ताटात मिठाच्या पाण्यात बुडवून खाण्याची भाजी असते, तिलाही ‘कर्पस’च म्हणतात. अक्षरे तीच, पण तो शब्द निराळा, ओव्याच्या जातीतील एका पालेभाजीच्या फारसी नावाशी जुळणारा. त्याचा कापसाशी संबंध नाही.