स्वतःच्याच चालीची चोरी?

१९६७-६८च्या सुमारास अमेरिकन रॉक संगीत प्रयोगांच्या धुंदीत असताना काही मंडळी उलट दिशेने निघाली : ब्लूज, कंट्री, गॉस्पेल आणि जुन्या लोकगीतांकडे. या प्रवाहाला ‘रूट्स रॉक’ म्हणतात. ‘द बँड’ची १९६८मधील ‘म्यूझिक फ्रॉम बिग पिंक’ ही तबकडी त्याची एक ठळक खूण. दुसरी ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’. मी येथे दुसऱ्या गटाविषयी लिहितो आहे, कारण प्रभाव कुठे संपतो आणि चोरी कुठे सुरू होते, हा प्रश्न त्याच्या बाबतीत थेट न्यायालयात गेला.

हे चौघे कॅलिफोर्नियातील एल सेरिटोचे. तरी ‘बायू कंट्री’ (१९६९) ऐकताना दूरच्या लुइझियानाचा दलदलीचा मुलूख डोळ्यांसमोर येतो. गायक-गीतकार जॉन फोगर्टी यांनी तो बाज जुन्या तबकड्या ऐकून उचलला होता. लेडबेली या कृष्णवर्णीय लोकगायकाने गाजवलेली दोन गाणी त्याच वर्षीच्या ‘विली अँड द पुअर बॉइज’मध्ये आहेत. पुढे फोगर्टींचे ‘प्राउड मेरी’ आइक आणि टीना टर्नर यांनी गायले आणि १९७१पासून ते टीनांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. अशा देवाणघेवाणीवरच हे संगीत जगते.

गट १९७२मध्ये फुटला. गाण्यांचे हक्क ‘फँटसी’ या कंपनीकडे राहिले. फोगर्टींच्या ‘सेंटरफील्ड’ (१९८५) या तबकडीतील ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ ही १९७०च्या ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे, असा दावा कंपनीने लावला. दोन्ही गाणी फोगर्टींचीच! त्यांनी साक्ष देताना गिटार वाजवून आपली धाटणी उलगडून दाखवली. १९८८मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. वकिलांच्या खर्चाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. खर्च देताना जिंकलेल्या वादीला आणि प्रतिवादीला एकच निकष लावावा, असे १९९४मध्ये ठरले. फोगर्टींना अखेर १३ लाख डॉलरहून अधिक खर्च मिळाला.

मी ना संगीताचा पदवीधर, ना कायद्याचा. पण मला यातला भेद आपल्या उदाहरणाने समजतो : बंदिश रचणाऱ्याची असते, राग सगळ्यांचा. कंपनीकडे बंदिश होती. ती रागावर हक्क सांगू पाहत होती. तो दावा टिकला असता, तर कलावंताला स्वतःच्या शैलीतही गाता आले नसते.

या मोकळिकीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राग सगळ्यांचा, म्हणून तो घडवणाऱ्यांना त्याचा मोबदला नाही. लेडबेली डिसेंबर १९४९मध्ये वारले. त्यांच्यामुळे लोकांपुढे आलेले ‘गुडनाइट आयरीन’ पुढच्याच वर्षी ‘द वीव्हर्स’च्या आवाजात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. फोगर्टींना आपल्या गाण्यांचे बहुतांश हक्क २०२३मध्ये विकत घेता आले. लेडबेलींच्या पिढीतील कित्येकांची तर नावेही तबकड्यांवर आली नाहीत. रूट्स रॉकच्या प्रभावाचा हिशेब मांडताना ही येणी वगळता येणार नाहीत.