बॅटरीवरची हत्यारं आणि काँक्रीटच्या भिंती

उलवे, तळोजा, खारघरच्या टोकाचे सेक्टर... नवी मुंबईत नव्या इमारतीचा ताबा मिळाला की पहिले काही महिने घर सुताराचं असतं. ओट्याखाली ट्रॉल्या बसतात, कपाटं उभी राहतात, पडद्यांचे रॉड लागतात आणि मग माणसं राहायला येतात. यातली प्रत्येक वस्तू भिंतीत किंवा प्लायमध्ये पाडलेल्या भोकांच्या आधारावर उभी असते. ही भोकं पाडायची रीत गेल्या काही वर्षांत आमच्या डोळ्यांदेखत बदलली. वायरची ड्रिल मागे पडली, बॅटरीची पुढे आली. उलव्यातल्या आमच्या घराचं काम चालू असताना मिस्त्रींच्या शेजारी बसून आणि पुढे स्वतः ही हत्यारं हातात धरून जे कळलं, ते इथे मांडतो आहे.

नव्या फ्लॅटमध्ये वीज नसते, इथून सुरुवात करायला हवी. मीटर लागायला वेळ लागतो. तोवर बिल्डरने दिलेली तात्पुरती लाइन लिफ्टसमोरच्या पॅसेजपर्यंत आलेली असते. तिथून एकाला एक बोर्ड जोडत वायर स्वयंपाकघरापर्यंत ओढायची, ती ओल्या लादीवरून न्यायची, दाराच्या फटीत चिरडू द्यायची नाही, आणि कुणाचा पाय अडकून पिन निघाली की शिडीवरून खाली उतरायचं. मिस्त्रींचा निम्मा वैताग या वायरीपायी होता. सोललेली वायर आणि ओली फरशी एकत्र आली की शॉकची भीती वेगळीच. आता ते सकाळी पिशवीतून भरलेल्या बॅटऱ्या काढून ओळीने मांडतात आणि थेट कामाला लागतात.

पिशवीत मावणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. उलव्याच्या खारकोपर स्टेशनपर्यंत लोकल 2018 मध्ये आली आणि 12 जानेवारी 2024 पासून ती उरणला जाऊ लागली. इथे फिटिंगचं काम करणारे बरेच जण लोकलनेच येतात. एक ड्रिल, एक इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोन-तीन बॅटऱ्या आणि चार्जर एवढं खांद्यावरच्या बॅगेत बसतं. अर्ध्या दिवसाच्या कामासाठी टेम्पो करावा लागत नाही, म्हणून एकट्या कारागिराला छोटी कामंही परवडतात.

या हत्यारांचा इतिहास फार जुना नाही. 1961 मध्ये ब्लॅक अँड डेकरने बॅटरीची ड्रिल बाजारात आणली, ती निकेल-कॅडमियम बॅटरीवर चाले. दहा वर्षांनी, 1971 मध्ये, अपोलो 15 च्या अंतराळवीरांनी बॅटरीवरच्याच ड्रिलने चंद्राची जमीन खोदली. आपल्याकडे मात्र वायरच्या मशीनचं राज्य होतं. मुलुंडच्या रॅलीवुल्फची जड ड्रिल आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या कुलकर्णी पॉवर टूल्सची मशीनं जुने मिस्त्री आजही नावानिशी आठवतात. चित्र पालटलं ते लिथियम-आयनमुळे. सोनीने ही बॅटरी 1991 मध्ये विक्रीला आणली आणि 2005 च्या सुमारास ती मोठ्या हत्यारांत शिरली. त्याआधीच्या बॅटऱ्या जड होत्या आणि वापर नसतानाही पडून पडून उतरत.

पण नवी मुंबईत बॅटरीच्या ड्रिलची खरी परीक्षा भिंतीवर होते, कारण इथल्या भिंती एकसारख्या नाहीत. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारतींत विटांच्या भिंती आणि त्यावर जाड गिलावा. नंतरच्या इमारतींत हलके ब्लॉक, ज्यांना सगळे सरसकट सिपोरेक्स म्हणतात. आताच्या टॉवरांत माइवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या अखंड काँक्रीटच्या भिंती. सिडकोच्या सामूहिक गृहनिर्माण योजनेत तर कारखान्यात तयार केलेले काँक्रीटचे भाग आणून जोडतात. 2022 मध्ये बामणडोंगरीला अशा रीतीने 96 दिवसांत 96 सदनिकांची इमारत उभी केली गेली. काम वेगाने होतं, भिंत सरळ आणि दणकट मिळते, आणि ड्रिल धरणाऱ्याला घाम फुटतो.

मिस्त्री नव्या भिंतीला पहिलं भोक पाडतात तेव्हा त्यांचं लक्ष खाली पडणाऱ्या पुडीवर असतं. लाल पूड पडली तर वीट. पांढुरकी, हलकी पूड पडून बिट सरसर आत गेला तर ब्लॉक. राखाडी पूड चिमूटभरच पडली आणि बिट जागच्या जागी किंचाळू लागला तर काँक्रीट. ब्लॉकमध्ये ते हॅमरचं बटण बंद करतात. ठोके दिले तर भोक ढिलं होतं, स्क्रू धरणारी नायलॉनची गिट्टी आत फिरते आणि कपाटाचं वजन धरत नाही. विटेला साधी इम्पॅक्ट ड्रिल पुरते. काँक्रीटला मात्र रोटरी हॅमरच हवा.

दोन्हींत फरक आहे तो ठोक्याचा. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासत उड्या मारतात. ठोके बारीक पडतात आणि सगळा जोर माणसाला खांद्याने द्यावा लागतो. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि त्या दाबलेल्या हवेने बिटच्या बुडावर घणाघात होतो. बिटही वेगळा असतो. एसडीएस प्लस पद्धतीचा हा बिट चकमध्ये आवळत नाहीत, तो खाचेत अडकतो आणि पुढेमागे सरकू शकतो. मशीन नुसतं सरळ धरायचं, जोर ते स्वतः लावतं. ज्या काँक्रीटसमोर इम्पॅक्ट ड्रिल मिनिटभर तापत राहते आणि बोटाच्या पेराएवढंही आत जात नाही, तिथे बॅटरीचा छोटा रोटरी हॅमर काही सेकंदांत 6 मिलिमीटरचं भोक पुरं करतो. मध्येच आवाज खणखणीत झाला, बिट अडला, तर समोर सळई आहे. मिस्त्री लगेच थांबतात आणि भोक बोटभर बाजूला घेतात. रेटत राहिलं तर बिटच्या टोकाचा कार्बाइड उडतो.

भोकात जाणारी नायलॉनची गिट्टी आपण हातातून सांडतो आणि विसरतो, पण आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने ती 1958 मध्ये शोधली नसती तर आजही लाकडी गुटके ठोकत बसावं लागलं असतं. गिट्टी, स्क्रू आणि बिट यांचं माप जुळलं पाहिजे, हा नियम मिस्त्री कधी मोडत नाहीत. 6 ची गिट्टी म्हणजे 6 चाच बिट.

भिंतीनंतर प्लाय. इथे दोन मशीनं लागतात आणि बहुतेक घरगुती ग्राहकांचा गोंधळ इथेच होतो. ड्रिलच्या तोंडाशी आकड्यांचं कडं असतं, तो क्लच. ठरलेल्या जोरापर्यंत स्क्रू आवळला की क्लच कटकट वाजतो आणि फिरणं सुटतं. बिजागरीचे बारीक स्क्रू कमी आकड्यावर लावले तर प्लायमधली पकड शाबूत राहते. इम्पॅक्ट ड्रायव्हरला असा क्लच नसतो. आतला हातोडा फिरताफिरता ऐरणीवर आपटतो, त्यामुळे लांब स्क्रू सहज आत जातो आणि मनगटाला पीळ बसत नाही. कपाटाचे सांगाडे जोडताना तो हवाच. पण त्याच जोराने बिजागरी बसवली तर स्क्रूची डोकी झिजतात, भोकं मोठी होतात आणि सहा महिन्यांत दार लोंबायला लागतं. बिजागरीच्या वाटीसाठी 35 मिलिमीटरचं गोल भोक 18 च्या प्लायमध्ये आरपार न जाता पाडायचं असतं. तिथे मिस्त्री ड्रिल मंद गिअरवर घेतात आणि बिटला खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळतात.

आता बॅटरीकडे येऊ, कारण पैसे खरे तिच्यात जातात. खोक्यावर 18 व्होल्ट आणि 20 व्होल्ट असे दोन आकडे दिसतात. बहुतेक वेळा दोन्हींत आत पाचच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. काम करताना सेलचा दाब सरासरी 3.6 व्होल्ट धरला तर पाचांचे 18 होतात, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेतला दाब धरला की 20. ताकद तीच. पाहायचा तो आकडा ॲम्पिअर-तासांचा. 18 व्होल्ट आणि 4 ॲम्पिअर-तास म्हणजे 72 वॉट-तास ऊर्जा. स्क्रू लावताना मशीन क्षणभर चालतं आणि थांबतं, म्हणून या साठ्यावर पुष्कळ काम निघतं. ग्राइंडर मात्र 600 वॉटने सतत चालवला तर हाच साठा जेमतेम सात मिनिटं पुरेल. दिवसभर लादी कापायची असेल तर वायरचं मशीनच योग्य, आणि मिस्त्रीही तेव्हा निमूट बोर्ड ओढतात. विजेचा खर्च म्हणाल तर नगण्य. ही बॅटरी बारा-तेरा वेळा भरली की कुठे एक युनिट होतं.

बॅटरीची सगळ्यात मोठी शत्रू उष्णता. काम थांबल्या थांबल्या तापलेली बॅटरी चार्जरला लावू नये, अर्धा तास सावलीत ठेवावी. मे महिन्यात बंद गाडीत हत्यारं विसरू नयेत. महिनोन्महिने वापर नसेल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवावी. रिकामी ठेवली तर सेल इतके उतरतात की चार्जर त्यांना ओळखतच नाही. जुन्या निकेल-कॅडमियमची सवय म्हणून अनेक जण बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करतात. लिथियमला ते मुळीच मानवत नाही. आणि स्वस्त डुप्लिकेट बॅटरी घेऊ नये. मापाला बसते, पण आतले सेल हलके असतात आणि जास्त तापमानात प्रवाह तोडणारं सर्किट कधी असतं, कधी नसतं. घरात रात्रभर चार्जिंगला लावायची वस्तू आहे ही.

एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला सहसा बसत नाही. म्हणून पहिली ड्रिल घेताना खरं तर पुढच्या सगळ्या हत्यारांची कंपनी निवडली जाते. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरचे हत्यारांचे जाणते दुकानदार आधी विचारतात, पुढे काय काय घेणार? कारण दुसऱ्या खेपेपासून बॅटरीशिवाय नुसतं मशीन घेता येतं आणि ते बरंच स्वस्त पडतं. ब्रशलेस मोटर घ्यावी का, हा दुसरा प्रश्न. तिच्यात झिजणारे कार्बन नसतात, ती कमी तापते आणि त्याच बॅटरीवर जास्त काम देते. मात्र बिघडली तर सर्किट बदलावं लागतं, त्यासाठी सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. कार्बनवाली मोटर नाक्यावरचा मेकॅनिक थोडक्या पैशांत चालू करून देतो. रोज वापरणाऱ्याने ब्रशलेस घ्यावी. वर्षातून चार रॉड लावणाऱ्या घराला कार्बनवाली पुरे.

खाडीकाठच्या हवेचा विचारही करावा लागतो. पावसाळ्यात नेरूळ-बेलापूरला बंद पेटीतल्या बिटांनाही तांबेरा चढतो. मिस्त्री जूनच्या आधी सगळे बिट तेलाच्या फडक्याने पुसतात, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकतात आणि बॅटरीचे पितळी संपर्क कोरड्या कापडाने स्वच्छ ठेवतात. ड्रिलइतकंच महत्त्व ते या बारीकसारीक गोष्टींना देतात: धारदार बिट, चुंबकी होल्डर, लेझर लेव्हल, गुण्या. महागडं मशीन आणि बोथट बिट ही जोडी बॅटरीही खाते आणि कामही बिघडवते.

वायर गेली म्हणून धोका गेला, असं मात्र समजू नये. भिंतीतली वीज तिथेच असते. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, कारण वायरींचा पाइप बहुधा त्याच रेषेत जातो. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. मिस्त्री भोकाखाली कागदाचं पाकीट चिकटपट्टीने लावतात, त्यात निम्मी धूळ पडते, तरी मास्क लागतोच. सगळ्यात वाईट सवय म्हणजे ग्राइंडरचं गार्ड काढून त्याला लाकूड कापायचं दातेरी पातं लावणं. मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेणारं ते पातं प्लायमध्ये अडकलं तर मशीन उलट अंगावर येतं. आमच्या मिस्त्रींनी हे करायला हाताखालच्या आपल्या भाच्याला सक्त मनाई केली होती आणि प्लाय कापायला त्याच्या हाती गोल करवतीचं मशीनच दिलं होतं. त्या एका गोष्टीसाठी मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. घरी सुतार किंवा एसीवाला येईल तेव्हा चहाबरोबर एक चष्मा आणि चांगला मास्क त्याच्या हातात द्या. त्याची किंमत तुमच्या एका बिजागरीइतकीही नाही. आणि आयुष्य संपलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर पेट घेते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानात नेऊन द्या आणि ती घ्यायला लावा.