किरकोळ खात्याचा ताळेबंद

बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. मोठी रक्कम सहसा चुकत नाही. ताळेबंद अडतो तो किरकोळ नोंदींवर. गतवर्षी हिवाळ्यात कन्येकडे जपानला राहिलो, तेव्हा याचा पुन्हा प्रत्यय आला.

जपान सरकारच्या ‘जेट’ योजनेतून १९८७ पासून परदेशी तरुण तेथील शाळांत साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून जातात. करार एकेका वर्षाचा, फार तर पाच वर्षांपर्यंत. कन्या एका लहान गावी इंग्रजी शिकविते. मी पोहोचलो तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या कराराचा अर्ज कोराच पडला होता.

“अडचण काय आहे, बेटा?”

“मोठी काहीच नाही, बाबा. म्हणून तर सांगता येत नाही.”

मी तिला वही दिली व सर्व नोंदी लिहावयास सांगितल्या. कचरा जळणारा, न जळणारा, प्लास्टिकचा, असा ठरलेल्या वारीच टाकावयाचा. चूक झाली की पिशवी सूचना चिकटवून तेथेच ठेवलेली. वर्गात प्रश्न विचारावा तर सर्व माना खाली. जपानीत दोन शब्द बोलताच, “किती छान बोलता!” हे कौतुक दोन वर्षे रोज.

शेवटची नोंद भोजनाची होती. जपानीत ‘निकु’ म्हणजे मांस. पण बोलताना त्यात मासा सहसा धरीत नाहीत. “निकु खात नाही” म्हटल्यावर प्रेमाने पुढे येणाऱ्या सूपात बहुधा ‘दाशी’ असते, आणि ती अनेकदा सुकविलेल्या माशाची. कोबे येथे १९८५ साली उभे राहिलेले जिनमंदिर आहे, पण ते तिच्या गावाहून दूर. शाळेत मुले व शिक्षक वर्गातच एकत्र जेवतात, मुलेच वाढतात. त्यांत डबा उघडून बसलेली ही एकटी.

ती वही वाचून मी खजील झालो. दोन वर्षे दूरध्वनीवर मी एकच उत्तर देत आलो होतो, “एवढे तर चालायचेच!”

मग आम्ही एकेक नोंद तपासली. कचऱ्याचे वेळापत्रक भिंतीवर लागले. मुलांचे मौन चुकण्याच्या भीतीपोटी होते. आधी शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलू दिल्यावर काही हात वर आले. कौतुक मात्र बुडीत खाती टाकले. त्याला वसुली नाही. धर्माच्या आहाराशी तडजोड नव्हती, तेथे केवळ स्पष्टता हवी होती. मांस, मासे, अंडी, त्यांचा अर्क, कांदा, लसूण यांची जपानी यादी तिने वर्गात वाचून दाखविली व कारणही सांगितले.

दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने महिन्याचा भोजनतक्ता तपासून तिला सांगितले, “आज भात आणि दूध चालेल.” त्यानंतर ती रोज सकाळी सांगू लागली. डबा राहिला, एकटेपण कमी झाले.

मी परतण्यापूर्वी कन्येने अर्जावर सही केली. कचऱ्याची तक्रार आजही असते.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज परदेशी आहेत. ती क्षुल्लक कुरकुर करू लागली, तर उपदेशाची घाई करू नये. मोठे दुःख मुले आईवडिलांपासून लपवितात. कित्येकदा त्याची पहिली नोंद किरकोळ खात्यातच सापडते.