अर्ध्या युनिटाचा मुक्काम

नानांना काजवे पाहायचे होते. नाना म्हणजे आमचे सासरे. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. त्यांचे बालपण अकोले तालुक्यातल्या डोंगराळ भागात गेले. पावसाच्या तोंडावर तिथली झाडेच्या झाडे काजव्यांनी कशी लखलखतात, याचे वर्णन आम्ही प्रत्येक ज्येष्ठात ऐकत आलो होतो. भंडारदरा आमच्या इंदिरानगरपासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. बोगद्यातली गर्दी एकदा पार केली की मुंबई-आग्रा रस्त्याने घोटी, तिथून वळून शेंडी. दोन-सव्वादोन तासांची वाट. मग अडचण कुठे होती, असे कोणीही विचारील.

अडचण होती ती एका लहानशा यंत्राची. नानांना झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे. त्यासाठी रात्रभर नाकावर मुखवटा लावून झोपावे लागते. उशाशी ठेवलेले सीपॅप नावाचे यंत्र थोड्या दाबाने हवा आत सोडत राहते आणि घशाची वाट मिटू देत नाही. यंत्राशिवाय झोपायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावून सांगितलेले. यंत्राला वीज हवी. त्यामुळे जिथे विजेची खात्री नाही तिथे नानांचा मुक्काम नाही, असा आमच्या घरचा चार वर्षांचा शिरस्ता होता. भंडारदऱ्याला खोल्या मिळतात. पण काजव्यांच्या दिवसांत त्या भरलेल्या असतात, आणि वळवाचा वारा सुटला की दिवे कधी जातील याचा नेम नसतो. शिवाय नानांना खोलीत झोपायचेच नव्हते. "खिडकीतून काजवे बघायला मी काय पाहुणा आहे?" असे ते म्हणत.

तेव्हा गाडीतच झोपायचे, असे २०२४ च्या मे महिन्यात आमच्या घरी ठरले. ठरवणारे आमचे चिरंजीव, अकरावीचे, शास्त्र शाखेचे. मी पडले मराठीची प्राध्यापिका. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता आणि बिल पाहून उसासा टाकण्यापुरता. यांचे काम बँकेतले, तेव्हा हिशेब यांच्याकडे आला. चिरंजीवांनी मोबाइलवर परदेशातल्या फिरत्या घरांची चित्रे दाखवली. त्यांत शीतकपाट होते, कॉफीचे यंत्र होते, केस वाळवण्याचेही यंत्र होते. आमच्या पाच माणसांच्या गाडीत यातले काय मावणार होते, देव जाणे.

वाहनात संसार भरून उघड्यावर मुक्काम करणे ही काही विलायती कल्पना नव्हे, हे आपल्या नाशिककरांना सांगायला नको. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते आणि नाशिक, सिन्नर, नगर, करमाळा करीत पंढरपूर गाठते. तिच्याबरोबर चालणाऱ्या दिंड्यांचे ट्रक कधी निरखून पाहिले आहेत? आदल्या वर्षी पालखी शहरात असताना लाडवांचा डबा पोहोचवायला मी गेले होते. एका ट्रकच्या फाळक्याला लाकडी फळी बांधलेली, फळीवर प्लगांची रांग आणि प्रत्येक प्लगातून एकेक मोबाइल लोंबकळतो आहे. टपावर सौर पॅनेल, खाली मोठी बॅटरी. मी कौतुकाने विचारले, तर चालक म्हणाला, "ताई, आधी कीर्तनाचा माइक, मग सयपाकाचा दिवा, मग फोन. हा क्रम सोडला की सगळंच अंधारात." त्या वेळी मी हसले. पुढे तेच वाक्य आमच्या कामी आले.

भंडारदऱ्याला जाण्यापूर्वी आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये रंगीत तालीम घेतली. गाडीतले सिगरेट पेटवण्याचे भोक, ज्यात हल्ली सगळे मोबाइलची तार खुपसतात, त्यात एक छोटा इन्व्हर्टर लावला, त्याला नानांचे यंत्र जोडले आणि मागचे आसन पाडून गादी टाकली. खाली यजमान आणि नाना, वर घरात मी आणि चिरंजीव. रखवालदाराला वाटले, घरात भांडण झाले. तो बिचारा पहाटेपर्यंत आमच्या गाडीकडे पाठ करून बसला होता. तीनच्या सुमारास इन्व्हर्टर कोकलू लागला आणि यंत्र बंद पडले. नाना उठून वर आले. सकाळी किल्ली फिरवली तर गाडी नुसती 'कट्' म्हणाली. शेजाऱ्यांच्या गाडीची तार जोडून ती सुरू करावी लागली. हेच भंडारदऱ्याला झाले असते तर? नाना यंत्राविना, गाडी मेलेली, फोनला रेंज असेल-नसेल. मी तर बेत रद्दच करून टाकला होता.

चूक आमचीच होती, आणि ती अनेक जण करीत असतील म्हणून सांगते. लहान गाडीतली बॅटरी साधारण १२ व्होल्टची आणि ३५ अँपिअर-तासांची असते. गुणाकार केला तर ४२० वॉट-तास होतात, आणि माणूस म्हणतो, वा, रात्र निभेल! पण ही बॅटरी इंजिनाला एकच जोरदार धक्का देण्यासाठी घडवलेली असते. दोन-तीन सेकंद शंभराच्या वर अँपिअर द्यायचे आणि चालत्या इंजिनाकडून लगेच पुन्हा भरून घ्यायचे, एवढेच तिचे काम. सावकाश तळापर्यंत उपसणे तिला सोसत नाही. चार-सहा वेळा तसे केले की ती कायमची खचते. मुक्कामाची वीज निराळ्या साठ्यातून घ्यावी, गाडीची बॅटरी गाडीलाच ठेवावी.

तो निराळा साठा म्हणजे दुकानदार ज्याला 'पॉवर स्टेशन' म्हणतात ती पेटी. नाव ऐकून एकलहरे डोळ्यांसमोर येते, पण वस्तू असते शिवणयंत्राच्या डोक्याएवढी. दुकानदाराने "पाचशे वॉटची आहे, तीन दिवस बघायला नको" असे ठणकावून सांगितले. यांनी मात्र बँकेतल्या चिकाटीने विचारले, "पाचशे वॉट की पाचशे वॉट-तास?" दुकानदार गडबडला. या दोन शब्दांत नळ आणि टाकी यांच्याइतके अंतर आहे. नळ किती रुंद, ते वॉट. टाकीत पाणी किती, ते वॉट-तास. रात्र निभणार ती टाकीवर. आपल्या वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे एक हजार वॉट-तास. आम्ही घेतलेली पेटी ५१२ वॉट-तासांची, म्हणजे जेमतेम अर्ध्या युनिटाची! घरी जी वीज काही रुपयांत येते, तेवढी साठवायला इतके हजार मोजायचे, हे गणित मला आजही पटलेले नाही. पण नानांच्या काजव्यांपुढे मी गप्प बसले.

पेटीच्या आत लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या आहेत. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. फॉस्फेटचा हा प्रकार वजनाला थोडा जड, पण तापून पेट घेण्याची भीती कमी आणि हजारो वेळा भरता येणारा. तरीही उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत कोणतीच बॅटरी ठेवू नये.

यानंतर यांनी खतावणी मांडली. नानांचे यंत्र हवा दमट करण्यासाठी पाणी तापवते, आणि निम्म्याहून अधिक वीज त्यातच जाते. डॉक्टरांना विचारून एका रात्रीपुरते ते तापवणे बंद ठेवले. पेटीची वीज आधी २३० व्होल्टची करायची आणि यंत्राच्या ठोकळ्याने ती पुन्हा उतरवायची, हा द्राविडी प्राणायाम टाळणारी खास तार मिळते, ती आणली. दुसऱ्या तालमीत सात तासांना सुमारे २०० वॉट-तास लागले. छोटा पंखा रात्रभर लावला तर साठ. एक मोबाइल पूर्ण भरायला वीस. दिवा तर चार वॉटचा, त्याचे काय मनावर घ्यायचे! चिरंजीवांनी विजेची किटली नेण्याचा हट्ट धरला होता. एक लिटर पाणी उकळायला जवळजवळ शंभर वॉट-तास लागतात, म्हणजे पाच मोबाइलांचे अन्न एका चहात गेले. शिवाय किटली मागते हजार-पंधराशे वॉट. तेवढा आमचा नळच रुंद नव्हता. किटली घरी राहिली, गॅसची लहान शेगडी आली.

उष्णता निर्माण करणारी कोणतीही वस्तू अशा मुक्कामात विजेवर चालवू नये, एवढे मी आता वर्गातही सांगू शकेन. बाकी उपकरणांत खऱ्या उपयोगाची तीनच निघाली. पाण्याच्या जारवर बसवायचा, बटण दाबताच धार सोडणारा छोटा पंप. कपाळावर बांधायचा दिवा, ज्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. आणि चाकात हवा भरायचे यंत्र. हे शेवटचे घोटीच्या पुढे लागलेच. शंभर वॉटचे घडीचे सौर पॅनेलही नेले होते. त्याची हकीगत पुढे येईल.

जूनच्या पहिल्या शनिवारी निघालो. वाटेत कळसूबाई दिसताच नानांनी टोपी काढून नमस्कार केला. शेंडीच्या पुढे, जलाशयाच्या काठाने एका शेतकऱ्याच्या अंगणालगत गाडी लावली. दुपारच्या वाऱ्याने गावची वीज गेलेलीच होती. वैशाख वद्य पक्ष, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवायचा; अंधार असा की स्वतःचा हात दिसू नये.

आठच्या सुमारास घरधनी संकोचत आले. त्यांची मुलगी बाळंतपणासाठी घोटीच्या दवाखान्यात होती आणि फोन विझण्याच्या बेतात होता. "जरा दोन टक्के लावता का?" त्यांच्या मागे शेजारपाजारचे आणखी आठ जण फोन घेऊन उभे. मी पेटीकडे पाहिले, मग नानांकडे. मनात आले ते सांगते, लपवत नाही: आपण एवढे हजार मोजले ते यासाठी नव्हे, आणि पहाटे तीनला पुन्हा पेटी कोकलली तर?

नाना म्हणाले, "आधी माझं बाजूला काढ. मग उरेल ते दे."

यांनी कपाळावरचा दिवा लावून वहीत आकडे मांडले. पेटीतून खरोखर हाती लागणारे साडेचारशेच्या आतबाहेर. त्यातून नानांचे दोनशे, अडीअडचणीला शंभर. पंखा नकोच, काठावर वारा होता. घरधन्यांचा फोन पूर्ण भरायचा, बाकीचे आठ निम्मे निम्मे. आमचे दोन फोन बंद करून टाकले. चिरंजीवांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मग सगळे दिवे मालवून झाडांखाली गेलो. सादड्याच्या एका झाडावर आधी पाच-पन्नास ठिणग्या, मग एकदम सबंध झाड पेटल्यासारखे; विझे, पुन्हा पेटे, शेजारचे झाड त्याला उत्तर देई. काजव्याच्या पोटातल्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हा प्रकाश होतो, आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते. नर लुकलुकतो तो मादीला खूण म्हणून. आपला दिवा मध्ये आला की त्यांची खूण हरवते. म्हणून टॉर्चला लाल कागद लावावा, आणि तोही जमिनीकडेच रोखावा. पलीकडे मोटारीचे झोत झाडावर टाकून फोटो काढणारी मंडळी होती. त्यांना काजवे काही दिसले नाहीत. त्याच मंडळींपैकी चौघे जण नंतर काचा लावून, इंजिन आणि वातानुकूलन चालू ठेवून झोपण्याच्या तयारीत होते. हे उठून गेले आणि त्यांना खडसावले. उभ्या गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर त्याला ना वास ना रंग. झोपलेला माणूस झोपेतच जातो. मुलांनी जरा तोंडे वाकडी केली, पण इंजिन बंद केले.

नाना झोपले ते साडेदहाला. मी तंबूत पडून यंत्राची ती बारीक सूं-सूं ऐकत होते. घरी भिंतीपलीकडून तो आवाज मला त्रासाचा वाटे. त्या रात्री तो थांबू नये म्हणून कान लावून होते. तीन वाजले. चार वाजले. चंद्र वर आला, पाणी उजळले. पाच वाजता नानांनीच मुखवटा काढला आणि चहा मागितला. पेटीच्या पडद्यावर छत्तीस टक्के उरले होते.

सकाळी चिरंजीवांनी मोठ्या डौलाने सौर पॅनेल पसरले. ढग आले होते. शंभर वॉटच्या पॅनेलने वीस-बावीस वॉटच्या वर काही दिले नाही. चांगल्या उन्हातही साठ-सत्तर मिळाले तर पुष्कळ समजावे, आणि पॅनेलच्या कोपऱ्यावर झाडाची सावली पडली तरी आकडा धाडकन खाली येतो. पावसाच्या दिवसांत त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा चालत्या गाडीच्या त्या भोकातून पेटी भरत नेणे बरे. तासाला नव्वदेक वॉट-तास तरी पदरात पडतात. घोटीच्या दवाखान्यातून नऊ वाजता फोन आला. मुलगा झाला होता. घरधन्यांनी आम्हाला गुळाचा खडा दिला.

घरी पोहोचल्यावर पेटी भिंतीतल्या विजेला लावली. नानांनी विचारले, "काल रात्रीचे माझे किती झाले?"

"युनिटाचा पाचवा हिस्सा, नाना."

त्यांनी चष्मा लावला आणि रोजच्या डायरीत काजव्यांच्या खाली तेवढे लिहून ठेवले.